ओव्हनशिवायचे कुकी डो बाइट्स : आत काय भरलंत, बाहेर काय झालं? अनुभव सांगा

परवा भाचीने फ्रीजमधला एक गोळा उचलला, अर्धा चावला आणि उरलेला अर्धा डोळ्यांसमोर धरून आत बघत राहिली. "मावशी, ह्यात कॅरमल कुणी लपवलं?" त्या प्रश्नासरशी मला आमची मोठी आत्या आठवली.

आत्याच्या घरी ओव्हन नव्हता आणि त्यावाचून तिचं कधी अडलंही नाही. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं जमलो की ती कुकीचं पीठ मळायची, गोळ्याच्या पोटात काहीतरी भरायची आणि वरून चॉकलेट. आत काय आहे ते मरेपर्यंत सांगायची नाही. कुणाच्या वाट्याला शेंगदाण्याचं बटर, कुणाच्या हेझलनट स्प्रेड. चावल्यावर जो आरडाओरडा व्हायचा तो तिला हवा असायचा. तिचे हात मला अजून दिसतात. वळायच्या आधी हात गार पाण्याखाली धरायची, मग कोरड्या फडक्याने बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसायची, आणि चार-पाच गोळे झाले की पुन्हा तेच. गरम हाताने बटर सुटतं, ओल्या हाताने चॉकलेट बिघडतं, एवढंच म्हणायची.

मी करते ते प्रमाण देते. मऊ बटर ११५ ग्रॅम (मऊ, वितळलेलं नव्हे), ब्राउन शुगर १०० ग्रॅम, दोन्ही फिकट होईपर्यंत फेटायचं. दूध २ टेबलस्पून, व्हॅनिला १ टीस्पून, मीठ पाव टीस्पून. मग साध्या बिस्किटांचा अगदी बारीक चुरा १५० ग्रॅम आणि चॉकलेटचे बारके तुकडे १०० ग्रॅम. अंडं नाही, सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. फुलायचंच नाही तर फुलवणारं कशाला? सोड्याची उगाच साबणासारखी चव मागे राहते.

सारण अर्धा-अर्धा चमचा बटर पेपरवर टाकून तासभर फ्रीझरमध्ये ठेवायचं. पिठाचा २० ग्रॅमचा गोळा चपटा करायचा, मधे सारण, सगळीकडून बंद करून वळायचा, अर्धा तास फ्रीजमध्ये. मग वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायचा. एवढ्यात पंचविसेक होतात, चॉकलेट २५० ग्रॅम लागतं.

तुम्ही आत काय भरता? कुणासाठी करता? लिहा, कितीही फाटे फुटले तरी चालतील.

चमचाभर
तोंपासु!!! पाकृ साठवून ठेवली. चॉकलेटचे तुकडे बारकेच हवेत ह्याला शंभर वेळा अनुमोदन. मोठे चिप्स घातले की बंद करताना तेच टोचतात, भिंत फाटते आणि सारण बाहेर. मी सरळ सुरीने चिरून घेते, चाळणीतली भुकटी वेगळी काढून दुधात घालते.

रात्रपाळी
ताई, सुंदर लिहिलंय. आत्याबाईंना नमस्कार. बिस्किटांचा चुरा वापरलात हे बघून फार बरं वाटलं, कारण बहुतेक पाककृतींत कच्चा मैदा असतो. अंडं काढलं की झालं सुरक्षित, असं लोक धरून चालतात. कच्चं पीठसुद्धा कच्चंच अन्न आहे. शेतातून गिरणीत येतं, दळताना जंतू मरत नाहीत. अमेरिकेत २००९ मध्ये तयार कुकी डोमुळे ई. कोलायची साथ आली होती आणि २०१६ मध्ये थेट पिठामुळे. त्या दुसऱ्या साथीत २४ राज्यांतली ६३ माणसं आजारी पडली. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं खाणार असतील तर कच्चा मैदा नकोच.

गव्हाळ
मी मैदा मायक्रोवेव्हमध्ये ७४ डिग्रीपर्यंत तापवून घेते. थर्मामीटर लावून. तेवढं पुरतं ना?

रात्रपाळी
@गव्हाळ, नाही हो, त्याचा भरवसा नाही. तो ७४ चा आकडा चिकनसारख्या ओलसर अन्नासाठीचा. कोरड्या पिठात जंतू उष्णता खूप जास्त सोसतात, शिवाय मायक्रोवेव्हमध्ये एक कोपरा तापतो आणि दुसरा गारच. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन (एफडीए) तर घरी पीठ तापवून सुरक्षित करायला जाऊच नका असं स्पष्ट सांगतं. कारखान्यातच उष्णता दिलेलं पीठ मिळतं ते घ्या, नाहीतर धागाकर्तीसारखा भाजून झालेल्या बिस्किटांचा चुरा. मी तेच करतो. वॉर्डातल्या सहकाऱ्यांसाठी डबा नेतो, तिथे तर जास्तच जपावं लागतं.

गव्हाळ
अरे बापरे. बरं झालं विचारलं. आजपासून चुरा.

पावसाळी
माझे तडकले. सगळे. रात्री बुडवून ठेवले तेव्हा इतके गुळगुळीत होते की फोटो काढले. सकाळी प्रत्येकाला उभी भेग आणि भेगेतून कॅरमल. मुलाच्या वर्गात न्यायचे होते. फार वाईट वाटलं. कुणी सांगेल का का होतं असं?

निळी पिशवी
@पावसाळी, मी काही वर्षं चॉकलेटच्या कामात होते, म्हणून सांगते. गोळे फ्रीझरमधून काढून थेट बुडवले होते का? गोठलेला गोळा खोलीत आला की हळूहळू फुगतो. त्याच वेळी बाहेरचं चॉकलेट घट्ट होताना आकसतं. आतला फुगतोय, बाहेरचा आवळतोय, मग भेग पडणारच. आणि कॅरमल वाट शोधतंच.

सारण फ्रीझरमध्ये, पण वळलेला गोळा फ्रीजमध्ये, हा धाग्यातला क्रम बरोबर आहे. बुडवायच्या आधी फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ द्या. पहिला पूर्ण घट्ट झाला की दुसरा. बारीक भेग पहिल्या थराला पडली तरी दुसरा ती बुजवतो.

पावसाळी
हो!! थेट फ्रीझरमधूनच. किती नेमकं सांगितलंत. पुन्हा करते. मुलगा म्हणाला, "आई, भेगेतलं कॅरमल चाटायला मिळालं तेच बरं." तेवढंच समाधान.

चमचाभर
मुलगा गुणी आहे हो तुमचा 😍

दुपारची झोप
आमच्याकडे नट चालत नाहीत. मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, जोरदार. वाढदिवसाला दुसऱ्यांकडे गेली की ही सगळी गोड बशी तिच्यासमोरून जाते आणि ती हात मागे बांधून उभी राहते. बघवत नाही. म्हणून मी सूर्यफुलाच्या बियांचं बटर भरते. चवीला थोडं कडसर असतं, जरा पिठीसाखर आणि मीठ घातलं की छान लागतं. ह्याच्या कुकीज भाजल्या तर आतून हिरव्या होतात, सोड्याशी त्यातल्या कुठल्याशा आम्लाची क्रिया होते म्हणे. खायला काही अपाय नाही, पण मुलं दचकतात. ह्यात सोडाच नाही, त्यामुळे रंग जसाच्या तसा. मागच्या वेळी तिने स्वतः सगळ्यांना वाटले. "हे माझ्या घरचे आहेत, मी पण खाऊ शकते" असं प्रत्येकाला सांगत होती.

खिडकीतली
@दुपारची झोप, वाचून गळा दाटून आला. लेकीला खूप खूप प्रेम.

रात्रपाळी
तिच्यासाठी चॉकलेटच्या वेष्टनावरची सूचनाही दर वेळी वाचा. त्याच यंत्रावर नट हाताळले असतील तर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एकदा वाचलं म्हणून पुढच्या वेळी धरून चालू नका, बदलतं.

दुपारची झोप
हो हो, वाचते. सवयच झालीये. धन्यवाद 🙏

दोन मांजरं
कुणी कुत्रा पाळलाय का इथे? ताट खालच्या टेबलावर ठेवू नका एवढंच सांगायला आले. आमच्या शेजारच्या काकांच्या कुत्रीने डार्क चॉकलेटवाले पाच-सहा गोळे गट्टम केले. रात्रभर उलट्या, थरथर. लगेच डॉक्टरकडे नेली म्हणून वाचली. चॉकलेटमधलं थिओब्रोमाइन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. चॉकलेट जितकं डार्क तितकं ते जास्त. पांढऱ्यात जवळपास नसतंच.

चमचाभर
बाई गं. आता कशी आहे ती?

दोन मांजरं
ठणठणीत. काल माझी चप्पल घेऊन पळाली.

खिडकीतली
धाग्याचं नाव वाचून आले आणि कुकी डो आइस्क्रीम आठवलं. मला वाटायचं ते कुणा मोठ्या शेफचं डोकं असणार. तर १९८४ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये, बर्लिंग्टनच्या बेन अँड जेरीज दुकानात कुणा गिऱ्हाइकाने नाव न सांगता चिठ्ठी लावून सुचवलं होतं! डबाबंद यायला मग १९९१ उजाडलं. आणि मुळातली चॉकलेट चिप कुकी त्याच देशातल्या मॅसॅच्युसेट्समधल्या टोल हाउस इनच्या रूथ वेकफील्ड यांची, १९३० च्या दशकातली. एका बाईने भाजायला म्हणून केलेलं पीठ, आणि आपण सगळे ते न भाजता खाण्याच्या युक्त्या शोधतोय. मला हे फार आवडतं.

गव्हाळ
ती चिठ्ठी लावणारी व्यक्ती कुठेतरी आइस्क्रीम खात असेल अशी आशा.

शिट्टी
माझ्या चॉकलेटचा लोळागोळा झाला. उकळत्या पाण्यावर भांडं ठेवलं, मस्त वितळत होतं आणि एकदम ओल्या वाळूसारखं. घाईत आहे, पाहुणे सातला येणार, आता काय करू???

निळी पिशवी
@शिट्टी, वाफेचं पाणी शिरलं. थेंबभर पुरतं. साखरेचे कण ते पाणी धरून एकमेकांना चिकटतात. बुडवायला ते आता चालणार नाही, पण फेकू नका. त्यात गरम क्रीम चमचा-चमचा घालत ढवळा, पुन्हा गुळगुळीत होईल. ते गनाश गार करून सारण म्हणून भरा. वरच्या थरासाठी नवं चॉकलेट घ्या, भांडं कोरडं, पाणी उकळतं नको, नुसतं वाफाळतं, आणि वरच्या भांड्याचा तळ पाण्याला लागू देऊ नका. कालथा, चमचा, हात, सगळं कोरडं.

शिट्टी
देव पावला. करते

धागाकर्ती
ह्यालाच आत्या म्हणायची ओल्या हाताने बिघडतं! कारण आज कळलं. निळी पिशवी, तुमच्यामुळे धाग्याला वजन आलं.

सायंतारा
माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. जन्मापासून उजव्या हाताची पकड कमी. थेरपिस्ट बाईंनी मळायला, वळायला, चिमटीने उचलायला लावा असं सांगितलं होतं. मातीची खेळणी, क्ले, सगळं झालं, दोन मिनिटांत कंटाळायचा. ह्या गोळ्यांवर मात्र टिकून बसतो. गोठलेला सारणाचा तुकडा चिमटीत धरायचा, घसरतो, परत धरायचा. चपट्या पिठावर ठेवून कडा वर आणायच्या. त्याचे गोळे लांबट होतात आणि एका बाजूला सारणाचा तपकिरी डाग दिसतो, त्या ठिकाणी तो पिठाचं ठिगळ लावतो, अंगठ्याने दाबून दाबून. मी मधे हात घालत नाही. घालावासा खूप वाटतो. त्याचे गोळे आम्ही वेगळ्या ताटात ठेवतो आणि बाबा ऑफिसमधून आल्यावर पहिले तेच खातात.

पावसाळी
सायंतारा ❤️ ठिगळ वाचून थांबलेच.

निळी पिशवी
लांबट गोळा बुडवायला सोपा असतो, खरं सांगते. काट्यावर घरंगळत नाही. त्याला माझ्याकडून सांगा.

सायंतारा
सांगितलं. "मग मी लांबटच करणार" म्हणाला.

कोपऱ्यातलं टेबल
साखर कचकच लागते त्याचं काय? भाजत नाही म्हणजे विरघळत नाही.

चमचाभर
साखर आधी कोमट दुधात कालवून दहा मिनिटं ठेवायची, मग गार झाल्यावर बटरमध्ये. किंवा मिक्सरमधून फिरवून घ्यायची. दूध तेवढंच, दोन टेबलस्पून. जास्त घातलं की पीठ चिकट.

कोपऱ्यातलं टेबल
चालेल. माझी नणंद मिक्सर घेऊन गेलीये, तो आला की बघते 😀

खिडकीतली
नणंदेकडूनच दळून आणा साखर!

गुलबट
कुणी पातळ, वाहणारं सारण केलंय का? बाबांना दातांचा त्रास आहे, त्यांना मऊ लागतं. चेरी घातलेल्या चॉकलेटच्या आत पाक कसा असतो ते मला नेहमी कोडं वाटायचं. भरताना तो पाक नसतोच! चेरीभोवती घट्ट फाँडंट असतं, त्यात इन्व्हर्टेज नावाचं विकर घालतात. ते साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं आणि एक-दोन आठवड्यांत आतल्या आत पाक होतो. मी मागवलं आणि केलं. पिठाच्या गोळ्यात मात्र थांबायचा धीर हवा, आणि पीठ तो पाक पिऊन टाकतं, त्यामुळे चेरीला थेट चॉकलेटच बरं. बाबांना त्यातल्या पिकलेल्या चेऱ्या दिल्या, डोळे मिटून खाल्ल्या. मग म्हणाले, "बिस्किटवाला पण दे एक."

निळी पिशवी
@गुलबट, पिठाच्या गोळ्याला आतून पातळ चॉकलेटचं अस्तर दिलं तर पाक टिकतो, पण खटाटोप फार. मऊ हवं तर हेझलनट स्प्रेड उत्तम. पाणी जवळजवळ नसतं, म्हणून फ्रीझरमध्येही दगड होत नाही आणि खोलीत आलं की लगेच सैल.

शिट्टी
पाहुणे गेले. ते गनाशवाले पहिले संपले!!!!

धागाकर्ती
वा! मस्त झालं!

दुपारची झोप
चॉकलेटवर पांढरे पट्टे येतात ते बुरशी समजून मी फेकणार होते, जाऊबाईंनी थांबवलं.

निळी पिशवी
बुरशी नव्हे. दोन प्रकार असतात. बोट फिरवल्यावर तुपकट लागून पुसलं जात असेल तर कोको बटर वर आलंय. खरखरीत लागत असेल तर साखर, म्हणजे फ्रीजमधल्या ओलीचा परिणाम. दोन्ही खायला चालतात.

पहिलं टाळायचं तर चॉकलेट टेंपर करायला हवं. कोको बटर सहा वेगवेगळ्या रूपांत गोठू शकतं, आपल्याला हवं ते पाचवं. तेच चकाकतं, तेच कट्‌कन मोडतं आणि तोंडात वितळतं. घरी सोपी रीत अशी : डार्क चॉकलेट चिरून दोन तृतीयांश भाग ४५ अंश सेल्सिअसपर्यंत वितळवा. खाली उतरवून उरलेला चिरलेला भाग थोडा-थोडा घालत ढवळत राहा. ३१–३२ पर्यंत उतरलं की तयार. मिल्क चॉकलेटला २९–३०. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ चमच्याने थेंबभर खालच्या ओठाखाली लावा, किंचित गार लागलं पाहिजे. कोमट लागलं तर अजून ढवळा. सुरीच्या टोकावर लावून ठेवा, चार-पाच मिनिटांत कोरडं आणि चकचकीत झालं तर बुडवायला सुरुवात.

घाई असेल तर कंपाउंड घ्या, त्यात लाज कसली. कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, टेंपर करावं लागत नाही. फक्त ते आणि खरं चॉकलेट एकत्र वितळवू नका. दोन चरब्यांचं जमत नाही, थर मऊ राहतो आणि पट्टे येतात.

गव्हाळ
खोबरेल घालतात ते? वाचलं होतं कुठेतरी.

निळी पिशवी
चमचाभर घातलं तर पातळ होतं, बुडवायला सोपं. पण ते २४–२५ अंशांनाच वितळतं, त्यामुळे गोळे फ्रीजमधून काढले की बोटांना लागतात. लगेच खाणार असाल तर बिनधास्त.

दोन मांजरं
अर्धवट बुडवणारे आहेत का कुणी? वरचा गोल उघडा ठेवायचा. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये शेंगदाणा बटरच्या गोळ्यांना असंच करतात, तिथल्या बकआय झाडाच्या बीसारखे दिसतात म्हणून नावही बकआय. मला हे आवडतं कारण आतलं पीठ दिसतं. टूथपिक टोचून बुडवायचं, मग भोक बोटाने मिटवायचं.

रात्रपाळी
टूथपिक नीट मोजा बरं का, एखादी आत राहिली तर पंचाईत. मी काटा वापरतो. फ्रीजमध्ये बंद डब्यात आठवडाभर, फ्रीझरमध्ये दोन महिने चांगले राहतात. फ्रीझरमधून काढले की डबा बंदच ठेवून आधी फ्रीजमध्ये, मग बाहेर. उघडा काढला की वर पाणी साचतं.

कोपऱ्यातलं टेबल
काट्यावरून ठेवला की खाली चॉकलेटची चकती पसरते, दिसायला गबाळं.

निळी पिशवी
काटा भांड्याच्या कडेवर दोन-तीनदा आपटा, जास्तीचं गळू द्या. मग काट्याचा तळ कडेला पुसा आणि गोळा कागदावर टेकवून काटा मागे ओढा. चॉकलेट फार पातळ झालं असेल तरी चकती होते, एखाद्या अंशाने उतरू द्या.

कोपऱ्यातलं टेबल
ओके. मिक्सर आला. नणंदही आलीये, तीच वळते म्हणतेय.

सायंतारा
पांढऱ्या चॉकलेटचं तापमान राहिलं. मुलाला वरून रेघा मारायच्यात, कोनसुद्धा त्यानेच गुंडाळलाय.

निळी पिशवी
२८–२९. वितळवताना ४५ च्या पुढे नेऊ नका, लवकर करपतं.